पहिल्या तासाचे कांदेपोहे

आम्ही पाच जणी. मुलं मोठी झाल्यावर, पंचेचाळिशीच्या आसपास, आम्ही मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घातलं. दर रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असायचे. आज सांगायचंय ते पहिल्या रविवाराबद्दल.

आधी इतिहासाचे सर आले. उंचेपुरे, कडक इस्त्रीचा शर्ट, खणखणीत आवाज. मग अर्थशास्त्राच्या मॅडम. आमच्या लेकीच्या वयाच्या, आवाज बारीक, हातातला खडू दोनदा खाली पडला. मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आत आमचा निकाल लागला होता: सर हुशार, मॅडमना काही येत नाही.

अशी घाई आम्हीच केली असं नाही. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल या संशोधकांचा अमेरिकेतला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांना कधीही न भेटलेल्या विद्यार्थिनींना त्यांनी प्रत्येक शिक्षकाचं फक्त ३० सेकंदांचं चित्रण दाखवलं, तेही आवाज बंद करून. त्यांनी दिलेले गुण आणि त्या शिक्षकांकडे सत्रभर शिकलेल्या विद्यार्थ्यांची मतं बरीच जुळली. पण जुळली ती मतं. कोण किती शिकलं, हे त्यातून कळत नाही.

आणि नुसत्या नावानेही मत बदलतं. २०१४ सालच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात ऑनलाइन वर्गाला एक बाई आणि एक पुरुष शिकवत होते. एकेका गटापुढे त्यांनी एकमेकांचं नाव लावलं. दोघंही काम तपासून एकाच वेळी परत देत. तरी वेळेवर काम देण्याबद्दल बाईच्या नावाला कमी गुण मिळाले.

आमचं काय झालं? सर पुस्तक उघडून तेच मोठ्याने वाचायचे. शंका विचारली की म्हणायचे, "हे परीक्षेला येत नाही." मॅडम मात्र बचतगटाच्या वहीवरून व्याज समजावायच्या, आमची उत्तरं ओळ न् ओळ तपासून द्यायच्या. पण आमच्यातली एक जण पहिल्या रविवारनंतर त्यांच्या तासाला बसलीच नव्हती. आम्हीच तिला म्हणालो होतो, "नाही बसलीस तरी चालेल." तिचा तो पेपर राहिला. कितीतरी दिवस तिने घरी सांगितलं नाही.

मैत्रिणींनो, पोह्यांची बशी घेऊन आपल्यातल्या कितीजणी पाहुण्यांसमोर गेल्यात! पंधरा मिनिटांत आपली चाल, आवाज, रंग पाहून निकाल लागायचा. तो निरोप किती लागायचा, ते आपण विसरलेलो नाही. तरी एका शिकवणाऱ्या मुलीला आम्ही तसंच पाहिलं.

आता तुमच्या लेकीसुना कॉलेजातून आल्या आणि पहिल्याच दिवशी "मॅडम बोअर आहेत" म्हणाल्या, तर रागावू नका. एवढंच विचारा: शंका विचारलीस का? उत्तर काय मिळालं? वही तपासून दिली का? चार तास होऊ देत, मग मत सांग.

आमची मैत्रीण यंदा त्या पेपरला पुन्हा बसतेय. मॅडमच्या तासाला पहिल्या बाकावर असते.