विचारा आणि उत्तरासाठी थांबा

मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णाची घरी शुश्रूषा कशी करावी, याविषयी आज बोलणार आहे. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी या आजारात हळूहळू निकामी होतात. हातपाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वासही अशक्त होतो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं, पण तो पुरता बरा करणारं औषध अजून नाही. रिलुझोल या गोळीनं आजाराचा वेग थोडा मंदावतो. बाकी सारी भिस्त शुश्रूषेवर.

बहुतेक रुग्णांना स्पर्श, वेदना नेहमीसारख्याच कळतात. डास चावलेला कळतो, हाकलता मात्र येत नाही. म्हणून कूस बदलली की दुमडलेला कान, कोपर, टाचा, चादरीची चुणी बघून घ्या. वळवताना दंड धरून ओढू नका. सैल पडलेला खांदा दुखावतो. पाठीखाली आणि कमरेखाली हात घाला.

भरवताना रुग्णाला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा. पाणी, चहा यांनी ठसका लागत असेल तर दाट पेज, मऊ खिमट, दही सोपं जातं. एक घास गिळल्यावरच दुसरा द्या. जेवण फार लांबू लागलं, वजन उतरू लागलं, तर पोटात नळी बसवण्याबद्दल डॉक्टरांशी वेळीच बोला. श्वास फार अशक्त झाल्यावर ते जोखमीचं होतं.

सकाळी डोकं दुखणं, रात्री सारखी जाग येणं, दिवसभर पेंग येणं, ही रात्री श्वास अपुरा पडत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी आपल्या मनानं ऑक्सिजन लावू नका. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून धोका वाढू शकतो. बऱ्याचदा श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप यंत्राची गरज असते, आणि त्याच्या जोडीला इन्व्हर्टर हवाच.

वाचा गेली तरी डोळ्यांची हालचाल बहुधा टिकते. पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहा, ओळींवरून बोट फिरवा. हवी ती ओळ, मग हवं ते अक्षर आलं की रुग्णानं पापणी मिटायची. एका आजींनी असं ‘मी’ दाखवलं, मग ‘ठ’. सून लगेच म्हणाली, “मी ठीक आहे, असंच ना?” आजींची पापणी मिटली नाही. शब्द तेवढाच होता: मीठ. पेज अळणी होती.

आपण घाईनं दुसऱ्याचं वाक्य पुरं करतो, आणि न बोलू शकणाऱ्याचा तेवढाही अधिकार जातो. नळी बसवायची का, व्हेंटिलेटर हवा का, हे निर्णयही रुग्णाचेच आहेत. सांगता येतंय तोवर त्याला विचारा आणि लिहून ठेवा.

अशा घरी भेटायला जाल तेव्हा रुग्णाशी थेट बोला. आणि रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्याला सांगा, “रविवारी दुपारी मी येतो. काय करायचं ते मला आधी दाखव, आणि मग तू निवांत झोप.”