घरचा विदूषक

काशीच्या घाटांची नावे उत्तरेकडे वाचीत गेले, की मराठी माणसाला आपल्याच मुलखातून चालल्याचा भास होतो. भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट आणि त्यांच्यापुढे बालाजी घाट. बालाजीच्या मंदिरावरून या घाटाला नाव मिळाले. त्याच्या बांधणीचा संबंध परंपरेने पेशव्यांशी जोडला जातो. याच मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. शेजारच्या पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या परिसरात मराठी घराण्यांनी पिढ्यानपिढ्या वस्ती केली आहे.

या घाटापासून फार दूर नाही असे काळभैरवाचे स्थान आहे. काळभैरव हा काशीचा कोतवाल. त्याच्या नावातच भय आहे. मरणाऱ्या जिवाच्या पापपुण्याचा झाडा तोच घेतो, अशी श्रद्धा आहे. आणि या उग्र दैवताचे वाहन कोणते, तर कुत्रा! सिंह नव्हे, गरुड नव्हे. गल्लीच्या तोंडाशी अंगाचे वेटोळे करून झोपणारा, भाकरीच्या वासाने एक डोळा उघडणारा साधा कुत्रा. दर्शनाला येणारा भाविक देवापुढे भीत भीत हात जोडतो आणि बाहेर येऊन त्याच देवाच्या वाहनाला हसत हसत खाऊ घालतो. भय आणि हसू यांची ही सांगड ज्यांनी घातली, त्यांनी कुत्र्याचा स्वभाव नीट ओळखला होता, असेच म्हणावे लागते.

मराठी संसारात कुत्र्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत आणि त्यांना चार वेद मानून नमस्कार केला जातो. खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा कोरडी पोळी त्याच्या घशाला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा प्रत्येक मूल ऐकते आणि ऐकताना हसते. वैश्वदेवाच्या बलीत कुत्र्याचा वाटा आहे. एवढे असूनही सोवळ्याच्या घरात कुत्र्याने उंबरठा ओलांडला, की गहजब! ‘हा इथे नको’ असे बजावणारी आजी शेवटची पोळी मात्र त्याच्यासाठी झाकून ठेवते. काही दिवसांनी तो ओसरीवर येतो, मग माजघराच्या दाराशी. स्वयंपाकघराची सीमा तेवढी उरते आणि तीही तो दोन पंजे आत, दोन बाहेर अशा घटनात्मक बेताने पाळतो.

अशा घरात तो नेमके कोणते काम करतो? राखण करतो, हे उत्तर अर्धे खरे आहे. कित्येक घरांतील कुत्री चोरालाही शेपूट हलवून आत घेतील, हे घरमालकाला पक्के ठाऊक असते. तरीही त्याला कोणी काढून टाकीत नाही. कारण त्याची खरी नेमणूक निराळी आहे. संस्कृत नाटकांत राजाजवळ विदूषक असतो. तो खादाड असतो, आळशी असतो आणि नको त्या वेळी नको ते बोलतो. ‘शाकुंतला’तील माधव्य राजाच्या मृगयेला कंटाळून अंग दुखत असल्याचे गाऱ्हाणे घालतो. ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय कुरकुरतो खरा, पण चारुदत्ताची संपत्ती गेली तरी त्याला सोडीत नाही. विदूषक नायकाचे संकट दूर करीत नाही; त्या संकटात नायकाचे माणूसपण सुकून जाऊ नये, एवढे पाहतो. घरातला कुत्रा हा असा विदूषक आहे.

मराठ्यांच्या इतिहासात याचे एक लक्षणीय उदाहरण आहे. ज्या पेशव्यांशी बालाजी घाटाचे नाते सांगितले जाते, त्यांचे धनी छत्रपती शाहू. इसवी सन १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७ मध्ये सुटले. अठरा वर्षे शत्रूच्या छावणीत, कोण केव्हा काय करील याचा अंदाज घेत काढलेली! पुढे साताऱ्यास राज्याभिषेक झाला, राज्य वाढले; पण काळज्या संपल्या नाहीत. औरस पुत्र नव्हता. वारसाचा प्रश्न राणीवशापासून पेशव्यांपर्यंत सर्वांच्या मनात घोळत होता. अखेरच्या काळात राणी सगुणाबाई वारल्या आणि राजाचे मन खचले.

या राजाचा एक लाडका कुत्रा होता. साताऱ्याकडची परंपरा त्याला खंड्या म्हणते. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला होता. १८१८ नंतर साताऱ्यास अधिकारी म्हणून राहिलेला ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या इतिहासात सांगतो, की भर दरबारात दोन मराठे सरदारांची भेट घ्यायची असता शाहूंनी या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जवाहीर घालून सजविले, स्वतःची पगडी काढून त्याच्या मस्तकी ठेवली आणि पुन्हा ती कधी घातली नाही. त्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि हा पालखीचा सरंजाम प्रत्यक्षात चालूही राहिला. मराठी परंपरेत हाच प्रसंग इंद्रोजी कदम या सरदाराच्या डामडौलाशी जोडला जातो. भपक्याने भेटीला येणाऱ्या सरदाराला राजाने शब्दाने दुखविले नाही. दागिन्यांनी मढलेला कुत्रा समोर बसविला, एवढेच.

डफने हा प्रकार राजाच्या ढळलेल्या मनाची लहर म्हणून नोंदविला आहे. त्याच्या दृष्टीने ते ठीकच असेल. परंतु याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. त्या दरबारात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मुजऱ्यात एक अर्ज दडलेला होता. कोणाला वतन हवे, कोणाला मुलूख, कोणाला वारसाबद्दलचे वचन. अर्ज नसलेला एकच जीव तेथे होता. न मागता जहागीर मिळालेला आणि मिळाल्याचे भानही नसलेला असा जहागीरदार मराठेशाहीत दुसरा झाला नसावा. चिंतेने थकलेल्या राजाला त्याच्याजवळ बसताना छत्रपती असण्याची गरज नव्हती. ज्या पगडीखाली चाळीस वर्षे काळजी वाहिली, ती त्याच्या डोक्यावर ठेवताना मनाला किती हलके वाटले असेल, याची कल्पना करता येते. १७४९ च्या डिसेंबरात शाहू निवर्तले. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीस, त्यांची समाधी आहे. आणि तेथेच त्या कुत्र्याचीही समाधी दाखविली जाते.

राजाची गोष्ट मोठी. पण सामान्य घराची गोष्ट निराळी नाही. वडिलांच्या तपासणीचे कागद दवाखान्यातून यायचे आहेत, मुलीचा निकाल उद्या आहे, दोघे भाऊ जागेच्या वाटणीवरून चार दिवस एकमेकांशी बोललेले नाहीत. घरात सगळे आहेत, पण प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात आहे. अशा वेळी कुत्रा स्वतःच्याच शेपटीचा पाठलाग सुरू करतो, किंवा धाकट्या भावाचा जोडा मोठ्या इतमामाने आणून थोरल्याच्या पुढ्यात ठेवतो. प्रथम लहान मूल हसते, मग आई, मग नाइलाजाने दोघे भाऊ. काळजीचे कारण तसूभरही हललेले नसते. पण अबोला मोडलेला असतो. या हसण्यात आणखी एक गुण आहे. माणूस माणसाला हसला, की कोणाचा तरी अपमान होतो. कुत्र्याला हसले, तर तो अपमान मानीत नाही. उलट आणखी एक गिरकी घेतो.

चिंता ही नेहमी उद्याची असते. कुत्र्याला उद्या नाही. त्याला आत्ताचा वास, आत्ताचा आवाज आणि आत्ताची भूक एवढेच ठाऊक. काळजीने पलंगावर खिळलेल्या माणसाला सकाळी फिरायला नेण्याचा हट्ट तो धरतो आणि गळ्यातली साखळी कोणी कोणाला बांधली आहे, असा प्रश्न पडावा अशा रीतीने त्याला ओढीत नेतो. पायाखाली चार रस्ते जातात, शेजारी दोन शब्द बोलतात, झोप बरी लागते. औषधाच्या चिठ्ठीत वैद्य लिहितो तेच पथ्य कुत्रा न लिहिता पाळायला लावतो.

शास्त्रज्ञांनीही या नात्याचा माग काढला आहे. जर्मनीत बॉन शहरानजीक ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा एकत्र होते. ते पिल्लू जड आजाराने अनेक आठवडे ग्रासलेले असावे आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून तितके दिवस जगले नसते, असे पुढील संशोधकांना दातांवरून आढळले. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्याशी निगडित असलेले हेच द्रव्य. माणसाळविलेल्या लांडग्यांत हा परिणाम दिसला नाही.

न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना हे प्रयोगावाचून उमगले. अंतर्मुख झालेला एक मुलगा आईबरोबर ठरल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. तो मुलाला जाऊन बिलगला आणि डॉक्टरांपुढे न उघडणारे ते मन कुत्र्यापुढे उघडू लागले. १९६१ मध्ये त्यांनी हा अनुभव समव्यवसायी विद्वानांपुढे मांडला, तेव्हा काहींनी थट्टाच केली. आज अनेक देशांतील रुग्णालयांत शिकविलेली कुत्री रुग्णांच्या खाटेजवळ नेली जातात. विदूषकाला विद्वानांच्या सभेत जागा मिळायला नेहमीच थोडा वेळ लागतो.

मात्र हे सुख फुकटचे नाही. कुत्रा म्हणजे चिंतेवरचा ताईत नव्हे. त्यालाही भय असते, एकटेपण असते. दिवाळीच्या फटाक्यांत पलंगाखाली थरथरणाऱ्या त्या जिवाला धीर देण्याची पाळी मग माणसाची. त्याला रेबीजची लस वेळेवर टोचणे हे प्रेमाचे पहिले कलम आहे. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठला पाहिजे. येथे हसण्यावारी नेण्यास जागा नाही. आणि ज्याचे मन खरोखरच आजारी आहे, त्याला कुत्र्याबरोबर डॉक्टरही हवा.

शिवाय कुत्र्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. ज्याने घर हसविले तोच एके दिवशी सर्वांना रडवून जातो. तरी त्या घरात काही महिन्यांनी नवे पिल्लू येते, नवा जोडा कुरतडला जातो, आणि ‘पुन्हा हे लचांड नको’ असे निक्षून सांगणारी आजीच रात्री पोळीचा तुकडा दुधात कुस्करताना दिसते. काळजीची कारणे प्रत्येक घरात पिढीमागून पिढी येतच राहणार. त्यांच्याबरोबर हा चार पायांचा विदूषकही उंबरठ्यावर दोन पंजे टेकून, आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत बसलेला असेल.