आधी ओहम, मग वॅट

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास अॅम्प्लिफायर घ्यायला गेलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा दाखवू?" आणि गिऱ्हाइकाचाही पहिला प्रश्न तोच, "हा किती वॅटचा?" घरी स्पीकर कुठले आहेत, किती जुने आहेत, त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. नुसता पगार विचारून स्थळ पक्कं करावं, तसा हा प्रकार. अशी लग्नं जशी निघायची तशी निघतात.

आज बोलायचंय ते जुन्या, लहान स्पीकरांविषयी. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे, तीस-चाळीस वर्षांमागचे. कुणाच्या वडिलांनी आखातातून आणलेले, कुणी जहाजावर नोकरीला असताना, कुणी चोरबाजारात घासाघीस करून. बरोबरचा अॅम्प्लिफायर कधीच मेलेला असतो, स्पीकर मात्र माळ्यावर धडधाकट असतात. स्पीकर हा प्राणीच तसा साधा. एक शंकू, एक तारेचं वेटोळं, एक लोहचुंबक. त्याला आता जोडीदार हवा असतो.

मी काही इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण कवितेचं निम्मं आयुष्य कानात जातं, आणि मला ज्या स्पीकरने कानाचं हे शास्त्र शिकवलं त्याचा जन्मही रेडिओच्याच घरात झाला. म्हणून त्याची गोष्ट रेडिओवर सांगायला हरकत नाही.

हा स्पीकर बीबीसीचा. नाव अगदी सरकारी, एलएस ३/५ए. एलएस म्हणजे लाउडस्पीकर. तीनचा आकडा स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठी. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बीबीसीच्या संशोधन विभागातली मंडळी स्टुडिओंच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत आवाज कसा घुमतो ते तपासत होती. त्यासाठी त्यांना लहानसा पण इमानदार स्पीकर लागला. पुढे लक्षात आलं, की बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीतही असाच काहीतरी हवा आहे. गाडीत जागा नाही, कानाला तासन्‌तास हेडफोन लावून बसवत नाही, आणि निवेदकाचा आवाज नीट जातोय की नाही हे तर कळलं पाहिजे. त्यातून साधारण एक फूट उंच, साडेसात इंच रुंद अशी बर्चच्या प्लायवुडची पेटी तयार झाली. आत केईएफ कंपनीचा पाच इंची शंकू आणि वर उंच सुरांसाठी छोटा ट्वीटर. पुढे रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला. मूळ युनिटांचं उत्पादन नव्वदच्या दशकाच्या अखेरीला थांबलं. आज जुनी, चांगल्या स्थितीतली जोडी लाखाच्या घरात जाते, आणि नव्याने बनवणारेही आहेत.

या पेटीचा खर्ज फार खोल नाही. तबल्याच्या डग्ग्याचं वजन ती पुरतं पेलत नाही. पण माणूस बोलू लागला की तो खोलीत येऊन बसतो. मराठीत याची परीक्षा सोपी आहे. 'स' आणि 'श' वेगळे ऐकू येतात का? 'काळ' आणि 'काल' यांतला फरक न ताणता कळतो का? वाचणाऱ्याने वाक्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो का? माझ्या मते स्पीकरची निम्मी परीक्षा इथेच होते. गाणं नंतर लावा.

आता या गुणी पेटीला अॅम्प्लिफायर शोधायचा झाला, की दोन आकडे समोर येतात. पहिला ओहमचा. आजकालचे बहुतेक स्पीकर आठ, सहा नाहीतर चार ओहमचे असतात. हा सुरुवातीला पंधरा ओहमचा होता. १९८७च्या सुमारास त्याची रचना बदलली आणि तो अकराचा झाला. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, एवढं शाळेतलं ज्ञान इथे पुरतं.

समजा, तुमच्या अॅम्प्लिफायरवर आठ ओहमला पन्नास वॅट असं लिहिलंय. म्हणजे तो जास्तीत जास्त वीस व्होल्टचा रेटा देऊ शकतो. विसाचा वर्ग चारशे, भागिले आठ, पन्नास. त्याच अॅम्प्लिफायरला पंधरा ओहमचा स्पीकर जोडा. चारशे भागिले पंधरा, म्हणजे साधारण सत्तावीस वॅट. पन्नासचे सत्तावीस झाले, आणि यात कुणी फसवलेलं नाही. उलट चार ओहमचा स्पीकर जोडलात तर हिशेबाने शंभर वॅट मागितले जातात. ते द्यायची ताकद त्या अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नसेल तर तो तापतो, कधी फ्यूज उडतो, कधी त्याहून वाईट होतं. आठ ओहमच्या दोन जोड्या एकदम चालवल्या तरी अॅम्प्लिफायरला त्या चारच्या दिसतात. लग्नाच्या घरात अॅम्प्लिफायर हमखास त्याच दिवशी का जातो, याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरा आकडा डेसिबलचा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठ्याने बोलतो, त्याचं हे माप. अलीकडचे बरेच स्पीकर ८८च्या आसपास असतात. आपली बीबीसीची पेटी ८२-८३ची. फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलचं गणित चढ्या व्याजासारखं आहे. दर तीन डेसिबलना वॅट दुप्पट लागतात. म्हणजे सहाच्या फरकाला चौपट. लहान पेटीतून खर्ज काढायचा तर त्याची किंमत अशी मोजावी लागते. भौतिकशास्त्र कुणाला सवलत देत नाही.

मग कुणी म्हणेल, एवढा हळू बोलणारा स्पीकर आहे तर दोनशे वॅटचाच लावू. गंमत अशी, की याच पेटीची पचनशक्ती सुमारे पंचवीस वॅटची आहे. भूक मोठी, पोट लहान. म्हणून तिला जोडीदार असा हवा, जो स्वच्छ वीस-तीस वॅट देईल आणि त्या तेवढ्यात कधी धापा टाकणार नाही.

धापा टाकण्याविषयी थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण बहुतेक ट्वीटर तिथेच मरतात. लोकांची समजूत अशी, की मोठा अॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो. जाळतो खरा, पण लहानही जाळतो. अॅम्प्लिफायरची ताकद संपली आणि आपण आवाज वाढवतच गेलो, की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात, सपाट होतात. या कापाकापीतून वरच्या पट्टीचा नको असलेला कल्लोळ तयार होतो आणि तो सगळा जातो त्या बिचाऱ्या ट्वीटरकडे. त्याची तार केसासारखी. ती वितळते, आणि दुसऱ्या दिवशी निवेदकाचे 'स' बोबडे ऐकू येतात. म्हणून आवाज चिरका झाला, कानाला बोचू लागला, की हात आपोआप मागे आला पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका घरात अशीच एक जोडी आहे. घरधनी मालवाहू जहाजावर होते. त्यांनी १९८०नंतर कधीतरी इंग्लंडच्या बंदरात, जुन्या मालाच्या दुकानातून ती घेतली. पाठीवर पंधरा ओहम लिहिलेलं. आमच्याकडची माणसं त्या काळी पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवत. लिहिता न येणाऱ्या आयांना ते बरं पडे. या गृहस्थांच्या तशा सात-आठ कॅसेट घरात आहेत. ते गेले, अॅम्प्लिफायर त्यांच्याआधीच गेला होता. मुलाला वाटलं, अब्बांचा आवाज आईला नीट ऐकू यावा. तो मला म्हणाला, "चाचा, दुकानदार दोनशे वॅटचा घ्या म्हणतोय. घेऊ?" मी त्याला पाठीवरचा आकडा वाचून दाखवला आणि वरचाच भागाकार करायला लावला. नवे ट्वीटर सहज मिळणारे नव्हते, आणि कॅसेट ऐकवण्यासाठी दोनशे वॅट काय करायचे? त्याने आठ ओहमला साठ वॅट देणारा, वजनदार, वापरलेला अॅम्प्लिफायर घेतला. पंधरा ओहमला ते बत्तीस भरतात. कॅसेट लावली तेव्हा पहिल्यांदा आला तो खोकला, बोलायला सुरुवात करण्याआधीचा. भाभी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पोराला ती मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितली, खोकल्यापासून.

असो. जोडीदार कुठला, याची यादी मी देत नाही. पण दोन नमुने सांगतो, म्हणजे अंदाज येईल. इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीचा ३०३ हा १९६७चा अॅम्प्लिफायर, आठ ओहमला पंचेचाळीस वॅटचा, या पेटीबरोबर वर्षानुवर्षं नांदला. १९७८ साली एनएडी कंपनीने ३०२० नावाचा स्वस्तातला अॅम्प्लिफायर काढला. कागदावर नुसता वीस वॅटचा; पण आवाजाचा क्षणिक झटका आला की कागदावरच्या आकड्याहून बरंच जास्त देणारा. त्याच्यासमोर नव्वदच्या दशकातले आपले ते 'हजार वॅट पीएमपीओ'चे खोके आठवा. पीएमपीओ हा आकडा माझ्या मते कादंबरीच्या कपाटात ठेवावा. आरएमएस वॅट किती आणि किती ओहमला, एवढंच विचारा.

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचं गणित निराळं. त्याच्या मागे बऱ्याचदा चार, आठ, सोळा अशी वेगवेगळी टोकं असतात. पंधरा ओहमची पेटी सोळाच्या टोकाला लावली की त्याची पूर्ण ताकद मिळते. अकरावाली मधेच अडकते; तिला आठ आणि सोळा दोन्हींवर ऐकून पाहावं आणि कानाला विचारावं.

हल्ली तळहातावर मावणारे 'क्लास डी' अॅम्प्लिफायर मिळतात. वाईट नाहीत, कित्येक फारच चांगले आहेत. पण त्यांच्यावर छापलेला आकडा बहुधा चार ओहमचा, आणि तोही सगळ्यात जास्त व्होल्टच्या अॅडॉप्टरवरचा असतो. बारा व्होल्टच्या अॅडॉप्टरवर पंधरा ओहमला त्यातून पाच वॅटही धड निघत नाहीत. मग लोक म्हणतात, जुने स्पीकर मेले. स्पीकर जिवंत असतात, उपाशी असतात.

माळ्यावरून पेटी काढलीत तर जोडण्याआधी थोडं बघून घ्या. शंकूच्या कडेला फोम असेल तर बोटाने हलकेच स्पर्श करा. आपल्या दमट हवेत तो कालांतराने भुग्यासारखा होतो. झाला असेल तर नवी कडा बसवून मिळते, शंकू फेकू नका. मल्टिमीटरने ओहम मोजलेत तर आकडा छापलेल्यापेक्षा कमी येईल, आठच्या ठिकाणी सहाच्या आसपास. घाबरू नका, ते तसंच असतं. दोन्ही पेट्यांना लाल-काळं सारखंच जोडा; एक उलटं झालं तर बोलणारा समोर न बसता खोलीभर पसरतो आणि खर्ज पातळ होतो. अॅम्प्लिफायर परदेशातून आलेला असेल तर मागचं व्होल्टेजचं बटण आधी बघा. जपानातला माल शंभर व्होल्टवर चालतो. आपल्या २३० व्होल्टवर तो एकदाच चालेल.

पहिल्या दिवशी आवाज शून्यावर ठेवून सुरू करा. बातम्या लावा, गाणं नको. तासभर बोलू द्या आणि मग अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर तळहात ठेवून बघा. व्हॉल्व्हवाल्यांनी हे करू नये, भाजेल. बाकीच्यांना कोमट लागला तर ठीक. हात ठेववतच नसेल तर लगेच बंद करा आणि स्पीकरच्या पाठीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचा.