रोजा आणि जिव्हा

गोष्ट १९८९ च्या एप्रिलमधील. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. रमजान चालू होता. वर्गांतील एका मुलावर वही चोरल्याचा आळ आला. शहानिशा न करितां मी त्याला चारचौघांत नाहीं नाहीं तें बोललों. मान खालीं घालून तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, माझा रोजा आहे.” भुकेची सबब सांगतो, असें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं वही भलत्याच दप्तरांत सांपडली.

पुढें त्याच्या वडिलांनीं उलगडा केला. कोणी भांडूं लागल्यास रोजेदारानें उलट न बोलतां ‘माझा रोजा आहे’ इतकेंच म्हणावें, ही महंमद पैगंबरांची शिकवण. जो असत्य सोडीत नाहीं, त्यानें अन्नपाणी सोडावें याची ईश्वराला गरज नाहीं, असेंही हदीसमध्यें आहे. पाठीमागें केलेल्या निंदेला तर कुराणानें मेलेल्या भावाचें मांस खाण्याची उपमा दिली आहे.

त्या मुलानें पहांटेपासून पाण्याबरोबर क्रोधही वर्ज्य केला होता. मी मात्र जेवून आलों होतों, आणि जीभ मोकळी सोडली होती. वर्गासमोर मीं त्याची क्षमा मागितली. एकादशीला साबुदाणा खातां खातां शेजाऱ्याची निंदा करणाऱ्या आम्हांसही हा धडा घेण्यासारखा आहे.