इंग्लंडच्या स्वातंत्र्यविचाराचे डच आजोळ



इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेचा इतिहास आपल्याकडे महाविद्यालयांतून शिकवला जातो, तो १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'पर्यंत एका सरळ रेषेत. जणू हा सारा विचार इंग्लंडच्या मातीत रुजला आणि तिथेच फळला! उत्तर समुद्रापलीकडचा एक चिमुकला देश या कथेतून गळून जातो. तो म्हणजे नेदरलँड्स; आपण ढोबळपणे ज्याला हॉलंड म्हणतो.

स्पेनशी झुंजणाऱ्या डच प्रांतांनी २६ जुलै १५८१ रोजी राजा दुसरा फिलिप याचे आधिपत्य झुगारल्याचे घोषित केले. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नव्हे. रक्षकच जुलमी झाला तर त्याला दूर सारणे न्याय्य आहे, असा त्या घोषणेचा आशय होता. विचार अगदीच नवा नव्हता. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लेखकांनी तो मांडलेला होता. मात्र ग्रंथातला विचार प्रत्यक्षात उतरला आणि राजा नाकारूनही ते राज्य बुडाले नाही, उलट धनधान्याने संपन्न झाले, हे शेजारच्या इंग्लंडने डोळ्यांनी पाहिले.

त्याचा परिणाम किती झाला, याची सर्वांत बोलकी साक्ष एका विरोधकाची आहे. १६४९ मध्ये इंग्रजांनी आपल्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला. दोनच वर्षांनी थॉमस हॉब्जचा 'लेव्हायथन' प्रसिद्ध झाला. डचांप्रमाणे राज्यपद्धती बदलली की आपणही श्रीमंत होऊ, अशा समजुतीने अनेकांनी यादवीचे स्वागत केले, अशी तक्रार हॉब्जने त्यात केली आहे. अराजकाचे भय बाळगणाऱ्या या बुद्धिमान माणसाला डच उदाहरण साथीच्या रोगासारखे वाटत होते!

ह्यूगो ग्रोशियसचा प्रभाव याहून खोल गेला. समुद्रावर कोणाचीही मालकी नाही, हे त्याने १६०९ च्या 'मुक्त सागर' या पुस्तिकेत मांडले. पूर्वेकडील सागरावर पोर्तुगीज सांगत असलेला हक्क खोडून काढणे हा तिचा हेतू; आणि तिचे मूळ डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी लिहिलेल्या ग्रंथात होते. पुढे वेंगुर्ल्याला वखार घालणारी, ती हीच कंपनी. गंमत अशी की, १६१३ मध्ये ग्रोशियस कंपनीची मक्तेदारी राखण्यासाठी लंडनला वाटाघाटींस आला, तेव्हा इंग्रजांनी त्याच पुस्तिकेतील युक्तिवाद त्याच्यापुढे ठेवले. जॉन सेल्डनने १६३५ मध्ये 'बंदिस्त सागर' लिहून तिला उत्तर दिले. ग्रोशियसचा 'युद्ध आणि शांती यांचा कायदा' १६२५ मध्ये आला. माणसाचे नैसर्गिक हक्क कोणते आणि सत्ता कोणत्या करारातून उपजते, या प्रश्नांवर पुढच्या इंग्रज पिढीला या ग्रंथाची दखल घ्यावीच लागली.

जॉन लॉकच्या बाबतीत तर हे ऋण केवळ पुस्तकी नव्हते. राजरोषाच्या भीतीने तो १६८३ मध्ये हॉलंडला गेला. १६८५ मध्ये इंग्रज सरकारने त्याला स्वाधीन करण्याची मागणी करताच ॲमस्टरडॅममध्ये डॉक्टर व्हॅन डर लिंडेन या नावाने तो लपून राहिला. तिथे फिलिप व्हॅन लिंबोर्क या धर्मशास्त्रज्ञाशी त्याचा स्नेह जुळला आणि धार्मिक सहिष्णुतेवरील त्याचे प्रसिद्ध पत्र लिंबोर्कच्याच खटपटीने १६८९ मध्ये खाउडा या डच गावी छापले गेले, तेही निनावी. राज्यशासनावरील त्याचे दोन निबंध मात्र बव्हंशी देश सोडण्यापूर्वीच लिहून झाले होते, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा सगळेच श्रेय हॉलंडच्या पदरात टाकणे उचित नव्हे.

नोव्हेंबर १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंज डच आरमारासह इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. त्याचा जाहीरनामा हेगमध्ये सिद्ध झाला होता. फेब्रुवारीत त्याची पत्नी मेरी ज्या जहाजाने आली, त्याच जहाजातून लॉक परतला. त्याच वर्षी पार्लमेंटने सहिष्णुतेचा कायदा केला. पण त्यात कॅथलिकांना स्थान नव्हते. हॉलंडमध्येही त्यांच्या जाहीर उपासनेला बंदीच होती. मात्र ॲमस्टरडॅमच्या घरांच्या माळ्यांवर त्यांची प्रार्थना चाले आणि नगराधिकारी तिकडे काणाडोळा करीत.