मुंबई दाखवायची तर आपली दाखवा
(सहा डिसेंबरच्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



सहा डिसेंबरला तुम्ही पोरं दादरला उभी राहणार. पाणी वाटाल, चुकलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या गाववाल्यांकडे पोचवाल. ते होईलच. पण मराठवाडा-विदर्भातनं आलेला माणूस रांगेतून बाहेर पडला की विचारतो, "लेकरा, आता मुंबईत काय बघावं?" आणि आपण त्याला गेटवेला धाडतो. समुद्र, ताज, दोन फोटो. साला, ही मुंबई कॅलेंडरवर पण मिळते. ती बघायला त्यानं दोन रात्री डब्यात उभ्यानं काढलेल्या नाहीत.

चैत्यभूमीवरून उलटे चला. पूल ओलांडून दादर पूर्व, हिंदू कॉलनी, 'राजगृह'. बाबासाहेबांनी हे घर पुस्तकांसाठी बांधलं. तळमजल्याला संग्रहालय आहे. नुसते हात जोडून माणसं बाहेर काढू नका, बघू द्या. तिथून नायगाव जवळच. ३१ मे १९३६ ला तिथं मुंबई इलाखा महार परिषद भरली. धर्मांतर कशासाठी, हे बाबासाहेबांनी तिथं एकेक मुद्दा घेऊन समजावलं.

मग परळ. बी.आय.टी. चाळ, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याच्या ह्या चाळी. राजगृहात जाण्याआधी वीसेक वर्षं बाबासाहेबांचं बिऱ्हाड इथं. कोलंबिया आणि लंडन करून आलेला बॅरिस्टर ह्याच जिन्यानं वर जायचा, हे सांगा. सोबत शिकणारी पोरं असतील तर त्यांना त्या जिन्यावर जरा थांबू द्या.

बाहेर काचेचे टॉवर दिसतील. त्यांच्या खाली गिरण्या होत्या. बापजाद्यांचा घाम वगैरे सगळे बोलतात, तुम्ही खरी गोष्ट सांगा. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जादा. धागा तुटला की धोट्यातनं तो तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाचं उष्टं सवर्ण विणकराला चालत नव्हतं, म्हणून साचेखातं आपल्याला बंद. आपण कमी पगाराच्या खात्यात. एकाच भोंग्यावर उठणारे कामगार हे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. लाल बावट्याच्या दोस्तांना आजही याची आठवण द्यावी लागते.

परळलाच आणखी एक. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बी.डी.डी. चाळींत पँथरच्या सभेत दंगल उसळली. १० तारखेला परळमधनं निषेधाचा मोर्चा निघाला. वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव ठार झाला. मोर्चात चालताना वरच्या खिडक्यांकडे बघायची सवय आपल्याला तेव्हा लागली.

वेळ उरला तर घाटकोपर, पूर्वेला. माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७. पहाटे पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. पुनर्विकासात ही वस्ती बदलत चाललीय, तेव्हा पुढच्या वर्षावर ढकलू नका.

हे सगळं एका दिवसात उरकायचं नाही. म्हातारी माणसं असतील तर दादर-परळ पुरे. आणि परतीच्या गाडीला दोन तास आधी न्या. त्या रात्री डब्यात पाय ठेवायला जागा नसते. वाटेत खायला भाकरी बांधून द्या.