मुदतीत द्यायचे, मुदतीपुरते नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी जव्हार येथे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. "तुमच्यातली इद्दत म्हणजे काय हो?" असे मंडळातल्या बायका मला विचारतात, म्हणून आज त्यावरच दोन शब्द बोलते.

नवरा वारला तर मुसलमान बाईने चार महिने दहा दिवस थांबायचे. तलाक झाला तर तीनदा पाळी येऊन जाईपर्यंत. पोटुशी असली तर बाळंत होईपर्यंत. तोवर दुसरे लग्न नाही. पोटात मूल असेल तर ते कोणाचे हे कळावे, आणि एकदाच तलाक उच्चारला असेल तर राग निवळून संसार पुन्हा जुळावा, असा त्यात हेतू आहे.

माझी धाकटी बहीण मोखाड्याला दिलेली. तिला तलाक दिला तेव्हा सासरच्यांनी तीन महिन्यांचा खर्च हातावर ठेवला व म्हणाले, "मुदत संपली की आमचे देणे संपले." आम्हीही मान डोलावली. मुदत सरताच ती दोन लेकरे घेऊन माझ्या दारात आली. भर लावणीचे दिवस. दुसऱ्याच दिवशी ती लोकांच्या खाचरात मजुरीला उतरली.

पुढे एका वकीलबाईंनी सांगितले तेव्हा डोळे उघडले. शाहबानोबाईंच्या १९८५ च्या निकालानंतर १९८६ साली कायदा झाला. घटस्फोटित बाईची रास्त तरतूद इद्दतीच्या मुदतीत करावी, असे त्यात आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ उलगडला : तरतूद मुदतीत करायची, पण ती मुदतीपुरती नव्हे, बाईच्या पुढच्या दिवसांचीही सोय त्यात हवी. शिवाय सर्वांसाठी असलेल्या पोटगीच्या कायद्याचे दारही तिला उघडे आहे, असे त्याच न्यायालयाने २०२४ साली सांगितले.

बहिणीने आता अर्ज केला आहे. निकाल लागायचा आहे. पण त्या दिवशी मी मान डोलावली, हे मला अजून बोचते.

भगिनींनो, बाई कोणत्याही जातीधर्माची असो, विधी सेवा समितीकडून तिला वकील फुकट मिळतो. तेव्हा मान डोलावण्याआधी विचारा. एवढे बोलून मी माझे भाषण संपवते.